बसलेलं घर

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पोरी, पण या नकाशाने एकदा खुद्द कुलगुरूंचा बंगला खचवला होता," भूगोलाचे म्हातारे सर म्हणाले आणि नकाशाच्या पडद्यासमोर आडवे उभे राहिले.

सरांच्या थापा विद्यापीठभर प्रसिद्ध. ग्रंथालयातली ही मुलगी एरवी पोट धरून हसायची. आज ती धावत आली होती. सकाळी टेकडी घसरली होती, रस्ता बंद होता आणि टेकडीखालच्या वस्तीतल्या घरी असलेल्या आईचा फोन लागत नव्हता. ड्रोनने काढलेले फोटो पाहून भूगर्भवाल्यांनी नकाशात नुकतीच नवी भर घातली होती.

"सरका ना, सर."

ते सरकले. गल्लीच्या टोकाचं आईचं घर लाल होतं. शेजारी लिहिलं होतं, 'बसलेलं'.

"अगं, रडतेस काय! तीन विभाग एका नकाशात नांदायला लागले की असंच व्हायचं. भूगर्भवाला 'घर बसलं' म्हणतो, ते खचलं म्हणून. समाजशास्त्राच्या बाई 'घर बसलं' म्हणतात, ते वस्ती बसते तसं, माणसं राहायला आली म्हणून. आणि आमच्या संगणकवाल्या शहाण्याने दोघांचं 'बसलेलं' एकाच रकान्यात कोंबून वर लाल रंग फासला. कुलगुरू सहकुटुंब राहतात, म्हणून बंगला लाल! दारात बंब हजर. साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले, ओरडताहेत, 'बंगला उभा आहे हो, मी बसलो होतो!'"

खिडकीपाशी भूगर्भवाले फोन कानाला लावून उभे होते. ते हसले नाहीत. मुलगी मात्र डोळे पुसता पुसता किंचित हसली.

"म्हणजे हे लाल बाईंचं?"

"बाईंचंच. दोन वर्षांपूर्वी घरोघर फिरून नोंदी केल्यात त्यांनी."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! तुमच्या ओट्यावर तासभर टेकल्या होत्या. तुझ्या आईने काही उठू दिलं नाही. बाई अजून सांगतात, अशी बोलकी बाई वस्तीत दुसरी नाही."

मुलीने पडद्यावरच्या त्या घरावर बोट ठेवलं.

"खोटं बोलताय, सर. तेव्हा घराला कुलूप होतं. आई तीन वर्षं माझ्याकडेच होती. परवाच परत गेली ती."