सहा बुचं

"नमुनाबी पाटावर मांडायचा," कचरू मिस्तरी म्हणाला. "आजच्या दिवशी तेबी हत्यारच हाये."

राधेश्यामने घड्याळाकडे पाहिलं. मनमाडकडे जाणारी गाडी दुपारची होती. पण खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय मिस्तरी बुचांची पेटी जाग्यावरून हलू देणार नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जालन्यातलं हे जिनिंग त्याच्या वडिलांचं, बालकिशनशेठचं. शाळा सुटली की तो घरी न जाता मिस्तरीच्या लेथपाशी येऊन बसायचा. आता तो मुंबईत इंजिनीअर झाला होता, आणि तिथे उभ्या राहत असलेल्या अणुभट्टीच्या कामावर होता.

ही भट्टी पाण्याच्या खोल हौदात बसायची होती. धूर नाही, राख नाही. आज एक उभी राहिली तर उद्या अशाच मोठ्या भट्ट्या होतील आणि मूठभर इंधनावर गावंच्या गावं उजळतील, असं राधेश्याम सांगायचा. कचरूला त्यातलं निम्मं कळायचं, पण सांगणाऱ्याचा चेहरा पाहून सगळंच पटायचं.

हौदाच्या तळाशी भोकांची एक जाड पाटी होती. रिकामी राहतील ती भोकं बंद करायला अॅल्युमिनियमची बुचं हवी होती. नमुन्यादाखल एक बूच परदेशातून आलं होतं. इतकं बारीक काम आपल्याकडे होत नाही, असं मोठे साहेब बैठकीत म्हणाले आणि राधेश्याम सगळ्यांसमोर बोलून गेला की होतं, जालन्याला होतं. आता बोलला होता तर करून दाखवणं आलं. सहा बुचं पाठवायची. सहाही पास झाली तर पुढची दोनशे जालन्याला, एक जरी नापास झालं तर दोनशेही परदेशाला.

सरकी निघणाऱ्या कारखान्यातला तो लेथ. कचरूने तो पुरता उकलून धुतला, पुन्हा जोडला, आणि कापसाचं पीस आत येऊ नये म्हणून दारावर ओलं धोतर टांगलं. पहिल्या दोन दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की दुपारी बरोबर भरलेलं माप सकाळी उणं भरतं. धातू उन्हाने फुगतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून तो पहाटे बसायचा आणि ऊन उंबऱ्यावर आलं की लेथ बंद करायचा. असा माणूस कॉलेजात गेला असता तर काय झालं असतं, असं राधेश्यामला राहून राहून वाटायचं.

नमुन्याच्या डोक्यावर तांबड्या रंगाची एक रेघ होती, तेवढीच त्याची ओळख. पहिल्या दिवशी तो चिमटीत फिरवताना कचरूला कुठंतरी खटकलं होतं. पण साहेबांच्या देशाचा माल, त्याला नावं ठेवणारे आपण कोण? आपलाच अंगठा म्हातारा झाला म्हणायचं, असं मनाशी बोलून त्याने सोबतच्या नकाशावरचे आकडे तेवढे धरले. एकेक बूच उतरलं की हैदराबादच्या उस्तादाने लावलेली सवय म्हणून डोक्याच्या खालच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही असा, तिळाएवढा ठिपका मारायचा आणि मगच हात पुसायचा.

पूजेच्या आदल्या दिवशी राधेश्यामने मायक्रोमीटर लावून सहाही मापली. केसाचा फरक नव्हता. त्याने वाकून मिस्तरीच्या पायाला हात लावला, आणि शेठजींच्या मुलाने असं करावं म्हणून कचरू दिवसभर अवघडून राहिला.

कचरूची बायको झुंबरबाई हिने पान्हे, कानशी, सातही बुचं पाटावर मांडली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आरती झाली. मुंबईच्या साहेबांनी नावं ठेवायला नको म्हणून तिने सातही बुचं रॉकेलच्या चिंधीने घासून लख्ख केली. तांबडं म्हणून कुठे राहू दिलं नाही. मग नमुना देवाच्या फळीवर ठेवला आणि सहा बुचं कापसात गुंडाळून पेटीत भरली. राधेश्यामने पळत जाऊन गाडी गाठली.

दिवाळी झाल्यावर तो परत आला. पत्र न पाठवता स्वतः आला, तेव्हाच कचरू काय ते समजला.

पाच पास झाली होती. एक ढिलं होतं, कागदाच्या जाडीएवढं. सहातली पाच म्हणजे थोडी गोष्ट नाही, असं साहेब भलेपणाने म्हणाले होते, पण अशा भट्टीत सहातली पाच चालत नाहीत. परदेशच्या ऑर्डरचं पत्र सोमवारी निघणार होतं.

"काका, मी स्वतः मापलं होतं," राधेश्याम म्हणाला. "कसं झालं, मला कळत न्हाई."

"तुमी मापलं तवा बराबर होतं, मंग पुसापुशीत घासलं असंल. माझ्या घरचीच चूक. बराबर न्हाई झालं, भय्या. भरल्या बैठकीत तुमाला खाली पाह्यला लावलं. उद्यापासून लेथवर माझ्या हाताखालचा रामकिसन बसंल. माझा हात गेला आता."

राधेश्यामने नापास झालेलं बूच पिशवीतून काढलं.

"एकदा बघू द्या," कचरू म्हणाला.

परत आलेलं बूच त्याने चिमटीत धरलं. सवयीने त्याचं नख डोक्याखालून फिरलं. पुन्हा एकदा फिरलं. ती कड सगळीकडून सपाट होती.

तो उठला, चपला काढल्या, फळीपुढे हात जोडले आणि पूजेनंतर पहिल्यांदाच नमुना खाली घेतला.

डोक्याच्या खालच्या अंगाला नख अडकलं. तिळाएवढ्या ठिपक्यात.