दाराबाहेरचे सहा जोड

चपलांचे सहा जोड. नंदकुमारनं तिसऱ्यांदा मोजले. सहाच्या सहा, कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेर. म्हणजे माणसं आत आहेत. तरी जिवाला चैन नव्हतं.

अकराला हेड ऑफिसचे मोठे साहेब यायचे होते. फोर्टमधलं ऑफिस बेलापूरला आणायचा हट्ट नंदकुमारचा. ‘एवढ्या लांब कोण मरायला येतंय?’ म्हणत तीन महिन्यांत चौघं सोडून गेली. साहेबांनी बजावलं होतं, “आणखी एक जरी गेला, तर ऑफिस परत फोर्टला. आणि तुम्ही घरी.”

मग हा पठ्ठ्या इरेला पेटला. एसी आणला, गालिचा आणला, भिंतींना आकाशी रंग दिला. आणि कॉम्प्युटर! ज्याचा नुसता फोटो लोकांनी पेपरात पाहिलेला, तो चालवायला त्यानं स्वतः सगळ्यांना शिकवलं. शिपाई देवजीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत आत बसून बोटं चालवायचा. आता बघू कोण जातंय!

आत धूळ नको, म्हणून चपला बाहेर. गारवा जाऊ नये, म्हणून दार सारखं उघडायचं नाही. नियम त्याचेच. तो आपला येता-जाता चपला मोजायचा. आज त्या सहांतल्या स्मिताच्या चपलेला चक्क सेफ्टी पिन लावलेली होती. एरवी काय तो नखरा असायचा बाईचा!

खाली गाडीचा हॉर्न वाजला. निदान ताठ बसा असं सांगावं, म्हणून त्यानं दार ढकललं.

आत एसी घुमत होता. सहाही खुर्च्या रिकाम्या.

“देवजी! अरे, माणसं कुठं गेली?”

“इंटरव्ह्यूला, साहेब.” देवजी दाराजवळच्या स्टुलावरून उठला. “चांगल्या चपला, बूट घालून गेली सगली. ह्या जुन्या घरून आनल्या, तुमाला मोजाया. कॉम्प्युटर येतो म्हटलं का आता कुटंबी बोलावनं येतं. तुमीच शिकवलं ना!”

त्या गारव्यात नंदकुमारला दरदरून घाम फुटला. साहेब जिना चढत होते.

देवजीनं स्टुलाखालची पिशवी ओढली. पॉलिश केलेले बूट काढून पायात घातले. आपल्या चपला त्या सहा जोडांशेजारी नीट लावून ठेवल्या.

“माजा नंबर बाराला हाय, साहेब. मी येईस्तवर तुमी बसाल का हितं, चपलांपाशी?”