पोहऱ्यातली मेणबत्ती

“थर्झा, वर ओढ मला.” विहिरीतून बापाने आईला मारलेली ही हाक मी लहानपणी ऐकली, ती शेवटचीच. नेब्रास्काच्या माळाखाली पाणी फार खोल, आणि तळाशी विषारी हवा साचते. म्हणून माणूस उतरण्याआधी पोहऱ्यातून पेटती मेणबत्ती खाली सोडायची. जळत वर आली तरच उतरायचं. त्या दिवशी मेणबत्ती आईने सोडली आणि जळती आणून बापाला दाखवली. दोर धरून तो उतरला. आदल्याच दिवशी त्याने लाथेने आईचं मनगट मोडलं होतं. एका हाताने तिला रहाट फिरवता आला नाही. विहिरीतल्या हवेचा भरवसा नाही, असं म्हणत शेजाऱ्यांनी त्याला पुरलं.

आज माझा नवरा ल्यूथर आमची विहीर खणतो आहे. काल त्याने मला कुऱ्हाडीच्या दांड्याने झोडपलं. माझा डावा डोळा अजून उघडत नाही.

“म्हातारे, मेणबत्ती सोडलीस की मासे धरायला बसलीस?” तो घरामागून ओरडला.

“आलेच, जावईबापू,” म्हणत आईने पोहरा वर घेतला. मेणबत्ती विझली होती. काळ्या वातीतून धूर निघत होता. आईने खिशातून काडेपेटी काढली आणि वाकड्या मनगटाचा हात माझ्या सुजलेल्या डोळ्यावर अलगद ठेवला.

“तुझ्या बापाच्या वेळीही ती अशीच विझून आली होती, पोरी. मी पुन्हा पेटवली. बोल, ही पेटवू?”