चौथी जागा

दहनाआधी अहल्येच्या छातीतून काढलेला पेसमेकर आज सुमंतच्या टेबलावर आला होता. बोम्मसंद्र्याच्या कंपनीत परत आलेले पेसमेकर तपासणं हेच त्याचं काम. पण हा बायकोचा होता. "सर, तुम्ही बसा की ओ, मी बघतो," हाताखालचा महांतेश म्हणाला. सुमंत ऐकेना. आतल्या मेमरीचा कोड त्यानेच रचला होता.

ती मेमरी गोंदणासारखी, एकदा लिहिलं की पुसायची सोय नाही. सुमंतने युक्ती काढली होती, की जुन्यातच आणखी ठिपके जाळून डॉक्टरांना ठोक्यांचं सेटिंग चारदा लिहिता यावं, आणि एखाददुसरा ठिपका बिघडला तरी कोडाने चूक सुधारून बरोबर तेच वाचावं. घरी ही फुशारकी त्याने इतक्या वेळा मारली होती, की कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता अहल्येला ती पाठ झाली होती.

स्क्रीन उजळला. दोन ठिपके बिघडले होते. कोडाने ते बिनचूक सावरून घेतले होते. सवयीने त्याला क्षणभर बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

"तीनदाच लिहिलंय, सर. चौथी जागा कोरीच आहे."

चक्कर येत होती तर अक्का डॉक्टरांकडे का गेल्या नाहीत, हे महांतेशला उमगेना. सेटिंग बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. अहल्येला तो अक्काच म्हणायचा.

सुमंतला मात्र उमगलं. अहल्येने जन्मात कधी डबा तळापर्यंत रिकामा केला नव्हता. तांदूळ असोत की कुंकू, अडीअडचणीला मूठ-चिमूट राखलेली असायचीच. शेवटचे दोन महिने ती ओट्याला धरून उभी राहायची. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायची, स्वल्प गरगरतं, जाईल आपोआप.

महांतेश अडखळत म्हणाला, "पण सर, चारदा लिहून संपलं तरी काय, नवा पेसमेकर बसवतात. अक्कांना ठाऊक असणार की."

सुमंतने स्क्रीनवरच्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"तिने विचारलं होतं, चार झाल्यावर काय," तो म्हणाला. "मी कोडाच्या तोऱ्यात होतो. म्हणालो, मग पाचवं नाही."