पाल

दामिनीच्या पदरात पडणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. शाळेच्या स्काउट-गाइड शिबिरातले चार दिवस, मरोद्याचा तलाव आणि वाऱ्यावर चालणारी होडी. तेही घरी एक शब्द खोटा न बोलता.

“पालाचं शिबिर हाये, आई,” एवढंच ती म्हणाली होती.

घरच्या मराठीत पाल म्हणजे तंबू. शाळेच्या हिंदीत पाल म्हणजे होडीचं शीड. रंभाने मराठीत ऐकलं आणि हो म्हटलं. तंबूला तिची ना नव्हती, पाण्याला होती. पोरगी पाण्यात दिसली तर हात धरून घरी आणायची, हे नवऱ्याला बजावून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दामिनीचा बाप हिरालाल कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा घेऊन सायकलने तलावावर आला. पायांत प्लांटचे बूट तसेच.

“मॅडमजी, दामिनी किधर है?”

“पाल पर है, अंकल,” वंदना मॅडम पाण्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

हिरालालने एकेका तंबूत वाकून पाहिलं. सगळे रिकामे. शेवटच्यात दामिनीच्या चपला होत्या, दामिनी नव्हती.

तेवढ्यात काठावरच्या पोरी ओरडल्या. तलावात एक होडी वाऱ्याने पार कलंडली होती, शीड पाण्याला टेकायला आलं होतं. तिच्यात नारिंगी जॅकेट घातलेली त्याची लेक एकटी.

हिरालालला पोहता येत नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो छातीभर पाण्यात होता आणि डबा डोक्यावर.

“रस्सी छोड़!” मॅडम ओरडल्या.

शीड फडफडलं. होडी हळूहळू सरळ झाली. दामिनीने शिडाचा दोर पुन्हा ताणून धरला आणि होडी वळवून थेट बापाजवळ आणली.

“बाबा! तुमी पाण्यात कावून?”

हिरालालला धाप लागली होती. “तुले डबा द्याले.”

तिने डबा घेतला. कोरडा होता. मग मान खाली घालून विचारलं, “आता घरी नेता का मले?”

“दोर हातातून सुटला, का तू सोडला?”

“सोडला, बाबा. तवा सोडाच लागते.”

हिरालालने होडीची कड घट्ट धरली होती. ती त्याने सोडली.

“खाऊन घे मंग. थंड होऊन राहिल्या.”

घरी परतताना कपडे सायकलवरच वाळले. बूट वाळले नाहीत.

“भेटली का पोरगी?” रंभाने विचारलं.

“भेटली.”

“कुठं होती?”

“पालातच.”

“खुशीत हाये नं?”

“लय.”

रंभाचा जीव खाली पडला. इथवर या घरात कुणीच खोटं बोललं नव्हतं. मग तिची नजर दाराशी गेली. बुटांखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. जानेवारी महिना, आभाळात ढगाचा पत्ता नाही.

“अन् हे बूट?”

“पाल गळत होतं,” हिरालाल म्हणाला.