शाईचं गोंदण

मोहाची फुलं टपटप पडत होती आणि बायांची रांग झोपेत चालल्यासारखी पुढे सरकत होती. शाळेच्या अंगणात चुन्याच्या दोन रेघा ओढलेल्या. एकीच्या अलीकडे बाया, दुसरीच्या पलीकडे बाप्ये. सत्तावन्न सालचं मतदान, पण हवा त्या गोड वासानं अशी काही जड झाली होती की वच्छलाला वाटलं, आपण मत द्यायला आलोच नाही. कुणाच्या तरी स्वप्नात उभे आहोत.

तिचं पहिलंच मत. आणि उमेदवार कोण? तर तिचेच बाबा! बापूजी कुंपणाबाहेर जीपजवळ उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. म्हशी घेऊन जाणाऱ्यालासुद्धा.

इतक्यात डोमी आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात पळसाचं फूल. जन्माचं नाव डोमा. पण दंडारीच्या नाचात राधा झाली की राधाच, आणि नाच संपला तरी लुगडं काही उतरायचं नाही. गाव तिला डोमीच म्हणायचं. अर्धं गाव मायेनं, अर्धं खिदळत. ती सरळ आली आणि बायांच्या रांगेत वच्छलाच्या मागे उभी राहिली.

पलीकडच्या रांगेतून शिट्टी आली. "अबे डोम्या, इकडं ये! तुही जागा राखून ठेवली!" हा मुखरू. बापूजींचाच माणूस, सकाळपासून गाडीचा भोंगा वाजवून थकला नव्हता.

डोमीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वच्छलाच्या कानाशी म्हणाली, "तिकडं गेली का हात लावतेत मले. इथी नाई उभं राहू देलं तं मी घरी जाते, बाई. मत गेलं तं गेलं."

तेवढ्यात पुढची सुकरी म्हातारी वळली. तिच्या कपाळावर गोंदण, हातांवर गोंदण, पायांवर गोंदण. तिनं डोमीला बाजारात तांदूळ निरखावा तसं निरखलं.

"तू इथी काऊन वं? गोंदण दाखव."

"नाई गोंदलं, माय. गोंदणारीकडं किती खेपा गेल्ती. बाप्याच्या अंगाले सुई नाई लावत, म्हणे."

"मंग? गोंदण नाई तं बाई कायची? मेल्यावर संगं तेवढंच येते."

बायांनी माना हलवल्या. रागावून नाही, पाणी ओलं असतं म्हटल्यावर हलवाव्या तशा. डोमीनं पदर सावरला आणि एक पाय हळूच चुन्याच्या रेघेबाहेर टाकला.

वच्छलानं तिचं मनगट धरलं.

बापूजींच्या ते लक्षात आलं असावं. ते लगबगीनं आले, चेहऱ्यावर लोकांसाठीचं हसू तसंच. "वच्छे, तू पुढं पाह्य. तुले काय करा लागते? लोकं हासतीन. याच्यापायी मतं जातीन आपले."

"बाबा, सभेले लोकं कोणापायी येत होते? तुमच्या भाषणापायी?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"डोमीचा नाच झाला, मंग तुम्ही बोलाले उठत होते. तवा चालत होती डोमी."

बापूजींचं हसू जागच्या जागीच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस कुठेतरी निघून गेला.

वच्छलानं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात सुकरीपुढे धरले. नागपूरच्या वसतिगृहात वाढलेले, कोरे करकरीत हात. "पाह्य, आजी. माह्याही अंगावर गोंदण नाई. मंग मी कोण? चाल डोमी, आपुन दोघीही नाई देत मत."

आणि तिनं रेघ ओलांडली. उमेदवाराच्या पोरीनं! दोन्ही रांगा थबकल्या. फुलं तेवढी पडत राहिली, टप, टप.

सुकरीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माय वं, येडी बह्याड पोट्टी!" म्हातारी उरल्यासुरल्या दातांनी हसली आणि दोन पावलं मागं सरकली. तिच्यापुढे दोन बायांपुरती जागा झाली. "या, दोघी या. फुलं तुडवू नोका पण."

दोघी फुलं चुकवत, पाण्यातल्या दगडांवरून चालावं तशा गेल्या.

खोलीत मास्तर शाई लावत होते. डोमी पुढे होती. त्यांनी तिचं बोट धरलं, काडीनं काळी रेघ ओढली. "वाळू दे. पक्की शाई आहे, पुसत नाही."

"साबणानं?"

"साबणानंही नाही."

डोमीनं बोटाकडे पाहिलं. मग ते ओलं बोट तिनं दोन भुवयांच्या मध्ये टेकवलं आणि डोळे मिटून घट्ट दाबलं. मास्तरांची काडी हवेतच राहिली.

पडद्याआड गेली ती अगदी राधेच्या चालीनं. या वेळी मागून शिट्टी आली नाही.

ती बाहेर पडली तेव्हा सुकरी उंबऱ्याशीच उभी होती. तिनं डोमीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. थुंकीनं अंगठा ओला केला, कपाळ घासलं. परत घासलं. डोमी हलली नाही.

"पक्कं हाये," म्हातारी म्हणाली.

आत वच्छलाच्या बोटाला आत्ताच शाई लागली होती. उघड्या दारातून, फुलांच्या पडत्या पडद्यापलीकडे बाबा दिसत होते. हात जोडायचे राहून गेले होते त्यांचे. ते तिच्याचकडे पाहत होते. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं, आणि ओलं बोट सावकाश कपाळाकडे नेलं.