शेवटचं दार

नव्या कॉम्प्युटरवर बाबांचा जुना गेम धड चालेना. चालला तर इतका सुसाट, की गेममधला राजपुत्र दिसायच्या आतच खड्ड्यात! दोन रविवार डोकं लढवून लेकीने त्याचा वेग ताळ्यावर आणला आणि बाबा खुर्ची ओढून बसले. तिशीत असताना त्यांनी आणि त्यांच्या जिगरी दोस्ताने मिळून केलेला गेम तो. प्रोग्राम दोस्ताचा; किल्ला, भुतं, दारं, एकूण एक चित्र बाबांचं.

"शेवटचं दार तेवढं उघडू नकोस हं," लेक खेळत शेवटाजवळ पोचली तसे बाबा म्हणाले. "माझ्या चित्रात काहीतरी गडबड राहिलीय, तिथे गेम बंद पडतो. दोस्तानेच सांगितलं होतं, म्हणून मी कधी उघडलंच नाही. पण भला माणूस, चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही त्याने."

"बघू तरी," म्हणत लेकीने दार उघडलं.

गेम बंद पडला नाही. काळ्या पडद्यावर नावं वर चढू लागली. कल्पना, प्रोग्राम, चित्रं. तिन्हींपुढे दोस्ताचंच नाव. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. सगळ्यात शेवटी त्यांचंही नाव आलं.

"विशेष आभार," लेकीने हळूच वाचलं, "वेळेवर चहा आणून दिल्याबद्दल."